व्यक्ती क्रमांक दोन

४ फेब्रुवारी

निवृत्तीचा चौथा दिवस. सकाळी स्वयंपाकघरातल्या सगळ्या पुड्यांची वजनं घेतली. एक किलो लिहिलेल्या साखरेच्या पुड्यात नऊशे सत्त्याऐंशी ग्रॅम निघाली. दुकानदाराला जाब विचारायला चप्पल घालत होतो, तेवढ्यात हिनं सांगितलं की सकाळच्या चहात तीन चमचे त्याच पुड्यातली साखर पडली आहे. तीन चमचे म्हणजे साधारण तेरा ग्रॅम. जुळलं. चप्पल काढून ठेवली.

मग करायला काही उरलं नाही. सव्वानऊ वाजले होते.

चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो की तराजू आपोआप सरळ होतात, असं माझा मित्र, समोरचा शिंपी, म्हणायचा. आता मी शिरलो की लोक "या, बसा" म्हणतात. याहून मोठा अपमान नाही.

निरोप समारंभात साहेबांनी एक जाड पुस्तक दिलं होतं, विज्ञानातल्या आणि इतिहासातल्या चमत्कारिक गोष्टींचं. आज उघडलं. एका अमेरिकन डॉक्टरनं मरणाच्या दारातल्या माणसांना खाटेसकट तराजूवर ठेवून आत्म्याचं वजन काढायचा प्रयत्न केला होता म्हणे. एका रोग्याचं एकवीस ग्रॅम भरलं. मी हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "तराजूवर शिक्का होता का?"

फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

सापडलं! पान एकशे बारा.

चारशे वर्षांपूर्वी इटलीत एक डॉक्टर होता. त्यानं एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि जवळजवळ तीस वर्षं तिच्यात बसून स्वतःचं वजन घेतलं. जेवणाआधी, जेवणानंतर, झोपून उठल्यावर. पोटात गेलेलं सगळं मोजलं आणि बाहेर आलेलंही. त्याला आढळलं की दिवसाला आठ भाग आत गेले तर तीनच भाग दिसत बाहेर पडतात. उरलेले पाच भाग कातडीतून आणि श्वासातून निघून जातात, कुणाला न दिसता. न जाणवणारा घाम, असं त्यानं त्याला म्हटलं. खुर्चीची रचना अशी होती की ठरलेलं अन्न पोटात गेलं की ती खाली उतरायची आणि ताट हाताबाहेर जायचं.

आमच्या गल्लीत हा प्रयोग अजून कुणी केलेला नाही.

जेवताना घरात जाहीर केलं. आम्ही चौघं. ही, चिरंजीव आणि सूनबाई. चिरंजीव लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहेत. सूनबाई कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. दाताचा रंग दुरून ओळखते.

ही म्हणाली, "बाहेर आलेलं कोण मोजणार?"

मी म्हणालो, "शास्त्राच्या कामात लाज बाळगून..."

ही उठून गेली. परत आली ती हातात आपला स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन, आणि तो तिनं कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी शब्द दिला की तो भाग वजाबाकीनं काढीन, तेव्हा काटा परत मिळाला.

एकाच माणसावरचा प्रयोग कच्चा राहतो. दुसरी व्यक्ती हवी. हिनं कानांवर हात ठेवले. चिरंजीवांना एका अडकलेल्या लिफ्टची आठवण झाली. सूनबाई माझ्याकडे बघत होती. निवृत्त झाल्यापासून मी घरात कसा फिरतोय ते तिनं बघितलं असणार. म्हणाली, "बाबा, मी बसेन."

कागदोपत्री तिला व्यक्ती क्रमांक दोन म्हटलं आहे. क्रमांक एक मी.

११ फेब्रुवारी

तराजू उभा राहिला. लाकडाच्या वखारीतून भंगारात निघालेला दांडीचा तराजू आहे, तीस वर्षांपूर्वी मीच शिक्का मारलेला. चिरंजीवांनी जेवणघराच्या तुळईला हुक ठोकला आणि लिफ्टचा तारदोर वापरला. एका बाजूला हातांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला लोखंडी पारडं आणि माझी पितळी वजनं. वीस ग्रॅमपर्यंत फरक कळतो. आता ताटं वाढायला हिला पारड्याला वळसा घालून यावं लागतं. येताना ती काहीतरी पुटपुटते, पण ते वजनात धरलेलं नाही.

व्यक्ती क्रमांक एक: ७१ किलो ६०० ग्रॅम.
व्यक्ती क्रमांक दोन: ५३ किलो ४०० ग्रॅम.

१४ फेब्रुवारी

खुर्ची खाली उतरायची सोय आज करून बघितली. सातशे ग्रॅमला उतरावी असा खटका लावला होता. सातशेला उतरली. हळूहळू उतरायला हवी होती, तशी उतरली नाही.

वाटीतलं सूप माझ्या अंगावर, वाटी हिच्या पायाशी. सूनबाईला हसू आवरेना. ही आधी "लागलं का?" म्हणाली आणि नंतर जे म्हणाली ते लिहीत नाही. शास्त्रीय नोंद: सुपाचं वजन अंगावर सांडल्यानं बदलत नाही.

२ मार्च

सकाळी उठून शून्य तपासतो (रिकामी खुर्ची, रिकामं पारडं, दांडी सरळ). मग माझं वजन. आठ वाजता सूनबाई कामावर निघायच्या आधी तिचं. जेवणाची ताटं मोजूनच वाढली जातात. हिला ते आवडत नाही. घरी मुक्कामाला आलेल्या इटालियन माणसाकडे बघावं तशी ती आता माझ्याकडे बघते. पाहुणा कधी जाणार, एवढंच विचारायचं बाकी आहे.

हल्ली सूनबाईला सकाळी दात घासायला फार वेळ लागतो. नळ दहा दहा मिनिटं सुरू असतो. दातांच्याच धंद्यात असल्यामुळे असेल.

९ मार्च

विलक्षण! व्यक्ती क्रमांक दोनचं वजन ५२ किलो १०० ग्रॅम. एक किलो तीनशे ग्रॅम घट, आणि जेवणाचं ताट पूर्वीइतकंच. (कधीकधी ती ताट घेऊन आपल्या खोलीत जाते, पण रिकामंच परत आणते.) म्हणजे तिचा न जाणवणारा घाम माझ्या दुप्पट आहे. इटलीच्या डॉक्टरलासुद्धा असा माणूस मिळाला नसेल!

तिला सांगितलं. ती लिंबाची फोड हुंगत उभी होती. म्हणाली, "हो का बाबा?" आणि घाईनं आत गेली. कौतुकानं लाजली असावी.

१२ मार्च

शिंप्याला ही बातमी सांगायला निघालो होतो. हिनं दारात अडवलं. "प्रत्येक गोष्ट गावभर सांगायलाच हवी का?"

घामाची गोष्ट सांगितली तर काय बिघडतं, असं म्हणणार होतो. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून बाहेर गेलोच नाही.

ती कशाबद्दल बोलत होती ते मला कळलं. दोन वर्षांपूर्वी सूनबाईला दिवस गेले होते. जेमतेम दुसरा महिना. ही म्हणाली होती, इतक्यात बोलू नका. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिठाई वाटली. बाजारातून येताना दुकानादुकानात सांगत आलो. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. पण बाजाराला ते कुणी सांगायचं? पुढे कितीतरी दिवस जो तो सूनबाईला विचारायचा, "कितवा लागला?" ती लॅबला लांबच्या रस्त्यानं जायला लागली. अजून तिकडूनच जाते. मला एका शब्दानं बोलली नाही.

मी त्या गोष्टीचा विचार करत नाही.

आजचं वजन: ५१ किलो ९००.

२७ मार्च

सूनबाईचं वजन वर चढायला लागलं आहे. तीन दिवसांत सहाशे ग्रॅम. आहार तोच. तराजूत दोष असणार. दिवसभर बसून दांडी खोलली, ती ज्यांवर टेकते त्या धारा साफ केल्या, तेल दिलं, पुन्हा बसवली. शून्य चोख. सूनबाई कामावरून आली तेव्हा मी सगळे भाग सतरंजीवर मांडून बसलो होतो. तिनं शेजारी बसून एक एक भाग पुसून दिला. "बाबा, कंटाळा नाही का येत?" म्हणाली. मी म्हणालो, तराजू खोटं बोलत असेल तर मला झोप येत नाही. ती पुसलेलाच भाग पुन्हा पुसायला लागली.

५ एप्रिल

शिंपी आला होता. तिसऱ्या कपाला हात घालत म्हणाला, "वजनात काय आहे? माणूस कळतो तो टेपानं. टेप खोटं बोलत नाही."

मी म्हणालो, "टेप ताणला की सेंटिमीटरभर कापड शिंप्याच्या घरी जातं."

"आणि पारड्याखाली चुंबक चिकटवला की?"

ही गोष्ट मीच त्याला सांगितली होती. एका भाजीवाल्याकडे पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक मी पकडला होता. माझ्या नोकरीतली सर्वांत गाजलेली धाड. घरीही जेवताना अनेकदा साभिनय सांगितली आहे. हिला पाठ आहे.

जाताना तो सूनबाईचा कामाचा कोट घेऊन गेला. शिवण काढायची आहे म्हणाला. कुठली ते विचारायचं राहिलं.

११ एप्रिल

गेले चार दिवस सूनबाईचं वजन पुन्हा ५३ किलो ४००. काटेकोर. वीस ग्रॅमसुद्धा इकडे नाही, तिकडे नाही. शरीर आपलं मूळ वजन शोधतं, असा एक सिद्धांत मांडावा म्हणतो.

१५ एप्रिल

निवृत्त अधिकारी मंडळाच्या दहा मेच्या सभेत माझं भाषण ठरलं! विषय: न जाणवणारा घाम, एक घरगुती प्रयोग. साहेब अध्यक्ष आहेत. आज त्यांना आलेखासकट अहवाल देऊन आलो. मार्चमधली घट, नंतरची वाढ, मग सरळ रेषा, सगळं आहे. साहेब म्हणाले, "तुमचे आकडे आहेत म्हणजे बघायला नको." घरी चालत आलो, रिक्षा करायची आठवणही झाली नाही.

१७ एप्रिल

दुपारी जेवून खुर्चीत बसलो. सकाळपेक्षा चारशे ग्रॅम कमी! पोटभर जेवूनही! जगात हे पहिल्यांदाच झालं असेल. हिला हाक मारली. ती आली, पारड्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला डाव खाली पडला. आनंदानं माणसाचं असं होतं.

१८ एप्रिल

आनंदानं नाही.

काल तिन्हीसांजेला शून्य पुन्हा तपासलं तेव्हा बरोबर होतं, म्हणून गप्प बसलो. पण पोटात भात आणि वजनात घट, हे मनाला पटेना. आज सूनबाईचं वजन झाल्याबरोबर मी "अरे, चष्मा" म्हणत पारड्यापाशी वाकलो आणि खालून हात फिरवला.

लोहचुंबक. चारशे दहा ग्रॅमचा. खुर्चीतला माणूस तेवढा कमी भरणार.

तसाच परत लावून ठेवला. माझ्या घरात! मी शिक्का मारलेल्या तराजूला! कुणीतरी रोज सकाळी शून्य तपासून झाल्यावर चुंबक लावतं आणि नंतर काढतं. काल दुपारी काढायला विसरलं.

संशय शिंप्यावर. हेतू: टेपाचं श्रेष्ठत्व सिद्ध करणं. पण तो सकाळी येत नाही. तरीही.

उद्या सापळा. खात्यातली जांभळी शाई आहे, तीन दिवस निघत नाही. पारड्याच्या खालच्या बाजूला लावतो. ज्याची बोटं जांभळी, तो गुन्हेगार.

१९ एप्रिल

सावकाश लिहितो.

सात वाजता शाई लावली. आठ वाजता सूनबाई बसली, ५३ किलो ४००. ती आत गेल्यावर पारडं बघितलं. शाईत बोटांचे ठसे. बोटं शोधायला निघालो. चिरंजीव दारात बूट घालत होते, पण त्यांची बोटं वंगणानं कायमच काळी. पुढे गेलो.

न्हाणीघराच्या उंबऱ्यावर सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओला, डोळे मिटलेले. ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्या हाताची बोटं जांभळी होती.

सूनबाई म्हणाली, "आई, बाबांना सांगून टाकू या का? बिचारे तराजू खोलून बसतात."

ही म्हणाली, "मागच्या वेळचा टप्पा ओलांडू दे. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं की सांगू. त्यांच्या मनात वाईट काही नसतं गं. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही."

सूनबाई म्हणाली, "मला बाजारातून जायचं भय वाटतं अजून."

मी उलट्या पावली परत आलो. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

लिंबू. नळ. ताट घेऊन खोलीत. मार्चमधली घट. एप्रिलमधली वाढ. सगळं माझ्याच अक्षरात वहीत आहे. आलेखही मीच काढला, दोन रंगांत.

मग रॉकेल घेतलं आणि पारडं पुसून काढलं. पुरावा नष्ट करण्याची माझी ही पहिलीच वेळ.

जेवताना ही आपण होऊन म्हणाली, "बीट चिरलं, बोटं रंगली." ताटात बीट नव्हतं. मी म्हणालो, "भाजी छान झालीय."

सकाळी सूनबाई कामावर गेली तेव्हा तिच्या कोटाच्या पाठीवर दोन जांभळी बोटं होती. कुणी विचारलं तर ती काय सांगेल कोण जाणे.

२१ एप्रिल

खुर्चीचा खटका काढून टाकला. तारदोराला दुसरा दोर जोडला. बैठकीवर उशी बांधली. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हे काय?" मी म्हणालो, "शास्त्र." उशीचं वजन वजा धरलं आहे.

हा विषय माझ्या पोटात राहायलाच हवा. शिंप्याकडे जाणं बंद केलं. रस्त्यात कुणी भेटलं की मी आधीच सांगतो, घसा बसलाय.

२६ एप्रिल

सूनबाई बसायच्या आधी मी खिडकीकडे तोंड करून खोकतो. हिला चुंबक लावायला तेवढा वेळ पुरतो. पण गुडघ्यांमुळे वाकायला तिला वेळ लागतो, म्हणून आज फार वेळ खोकावं लागलं. संध्याकाळी हिनं मला आल्याचा काढा दिला. तीन वेळा घ्यायचा आहे. घेतोय.

वहीत रोज ५३ किलो ४०० लिहितो. खोटा आकडा लिहिताना पेन अडखळतं. चौतीस वर्षांत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. आता सलग आठ.

१ मे

आज दोन चुंबक लागले!

मी बघत नव्हतो, पण "टक" असा आवाज दोनदा आला. चिरंजीव लिफ्टच्या जुन्या सामानातून आणत असणार. म्हणजे वाढ चांगली आहे. दिवसभर मन इतकं प्रसन्न होतं की खोकायचं कारण नसताना दोनदा खोकलो.

जेवताना हिनं माझ्या भातावर न मोजता तूप घातलं. माझ्याकडे बघून हसली. कशाला ते कळलं नाही. वजनात पंधरा ग्रॅम जास्त धरले.

१० मे

सभा झाली.

दिवाणखान्याएवढा हॉल, चाळीस खुर्च्या, बहुतेक भरलेल्या. शिंपीही मागच्या रांगेत येऊन बसला होता. सुरुवात छान झाली. इटलीच्या डॉक्टरची खुर्ची फळ्यावर काढून दाखवली, सुपाच्या प्रसंगाला लोक हसले. मी आलेखाचं दुसरं पान घाईनं उलटलं.

साहेबांनी हात वर केला. "थांबा. मागे घ्या. व्यक्ती क्रमांक दोन."

मागे घेतलं.

"मार्चमध्ये दीड किलो उतरली, मग तेवढीच चढली, आहार बदललेला नाही. कारण?"

मी म्हणालो, "न जाणवणारा घाम."

"घामानं वजन चढतं?"

पुढच्या रांगेत कापडमाप विभागातल्या निवृत्त बाई बसल्या होत्या. त्या आलेखाकडे बघता बघता हसायला लागल्या. म्हणाल्या, "एक विचारू? ही व्यक्ती क्रमांक दोन बाई आहे का हो?"

चाळीस माणसं. त्यातली निम्मी बाजाराच्या आसपास राहणारी. आणखी एक क्षण गेला असता तर कुणीतरी बोललंच असतं, आणि संध्याकाळपर्यंत दुकानादुकानात पोचलं असतं.

मी मोठ्यानं म्हणालो, "तराजूत दोष होता."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या तराजूत?"

"हो साहेब. दांडीची धार बोथट झाली होती. माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या व्यक्तीचे सगळे आकडे बाद समजावेत." आणि घाबरलेला माणूस बोलतच सुटतो तसं पुढे म्हणालो, "पॅरिसचा मूळ किलोग्रॅमसुद्धा शंभर वर्षांत आपल्याच प्रतींच्या तुलनेत पन्नास मायक्रोग्रॅमनं चुकला होता."

साहेब म्हणाले, "पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे बोटाचा एक ठसा. तुमची चूक दीड किलोची आहे. तुम्ही चौतीस वर्षं लोकांचे तराजू जप्त केलेत?"

मी म्हणालो, "हो साहेब."

आणि मग मागच्या रांगेतून टाळ्या. एकटा शिंपी, उभा राहून, जोरजोरात. लोक वळून बघायला लागले. अशा वेळी टाळ्या! तीस वर्षांची मैत्री आज संपली. त्याच्याकडे न बघता निघून आलो.

घरी हिनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "घसा बसला होता, फार बोललो नाही."

११ मे

दिवसभर घराबाहेर पडलो नाही. संध्याकाळी शिंप्याचा आवाज आला. मी खोलीचं दार लावून घेतलं. तो बराच वेळ स्वयंपाकघरात हिच्याशी आणि सूनबाईशी बोलत होता. काय सांगितलं असेल ते दिसतंच आहे. तिन्ही चहा पिऊनच गेला असणार.

तराजू उद्या उतरवायचा. ज्या तराजूला मालकानंच खोटं ठरवलं, तो घरात कशाला?

१२ मे

चिरंजीवांना शिडी आणायला सांगितली. ते चढून हुकाला हात घालणार, तेवढ्यात सूनबाई आली. आज रविवार, पण आंघोळ करून, कोट घालून.

"थांबा. मला बसायचंय."

मी म्हणालो, "तराजूत दोष आहे."

"कुठला?"

"दांडीची धार."

"बाबा," ती म्हणाली, "शिंपीकाकांनी सगळं सांगितलं काल. सगळ्यांसमोर तुम्ही काय म्हणालात ते. माझा कोट त्यांनी दोनदा सैल केलाय, त्यांना माहीत होतं. तुम्हाला तेव्हा टाळ्या वाजवल्याशिवाय त्यांना राहवेना म्हणे." मग म्हणाली, "तुम्हालाही माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "काय?"

इतक्या कोऱ्या चेहऱ्यानं म्हणालो की क्षणभर तिलाच शंका आली. मग ती हसायला लागली. हसता हसता कोटाच्या बाहीनं डोळे पुसायला लागली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी पारड्यातली वजनं लहानमोठी लावत बसलो.

"कधीपासून?"

"एकोणीस एप्रिल. सकाळी आठ दहा."

"आणि इतके दिवस तुम्ही कुणाला..."

"घसा बसला होता."

ही स्वयंपाकघरातून आली आणि तिनं पदराच्या गाठीतून काढून टेबलावर एकामागून एक चुंबक ठेवले. तीन. मी म्हणालो, "तीन?" ही म्हणाली, "कालपासून. आणि खोकला तुमचा पहिल्या दिवशीच ओळखला होता मी. काढा घेताना बघायची मजा होती म्हणून देत राहिले." मला मात्र वाटत होतं की हिला काही कळत नाहीये.

सूनबाई म्हणाली, काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मागच्या वेळचा टप्पा मागे पडला. सगळं ठीक आहे. ठोकेही ऐकले.

"आता सांगू का कुणाला?" मी विचारलं.

तिघंही एका सुरात "नाही" म्हणाले. मग सूनबाईच म्हणाली, "मी सांगेन बाबा. उद्या बाजारातून जाताना. तुम्ही बरोबर चला."

मी शून्य तपासलं. दोनदा. पारड्याखालून हात फिरवला, त्यावर ही म्हणाली, "आता तरी विश्वास ठेवा." सूनबाई खुर्चीत बसली. पाय जमिनीवरून उचलले गेले तसे चिरंजीव शिडीवरून उतरले आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले. मी म्हणालो, हात काढ, वजन चुकतं. ते म्हणाले, हो. पण हात काढला नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा हो म्हणाले.

शेवटी तसंच घेतलं. खुर्चीला बाहेरच्या माणसाचा हात लागलेला असल्यामुळे आजचं वजन नियमानुसार ग्राह्य नाही. तरी लिहून ठेवतो.

५४ किलो ८८० ग्रॅम. दोघांचं मिळून.